ब्रुक्स पर्वतरांगेत पहिल्यांदा जाताना: नद्या आणि जमीन ओळखण्याची पूर्वतयारी

सह्याद्रीत किंवा हिमालयात बऱ्यापैकी भटकंती झालेली आहे, पाठीवर आठवड्याचे सामान घेऊन चालण्याची सवय आहे आणि आता अलास्काच्या उत्तरेकडील ब्रुक्स पर्वतरांगेत जाण्याचे मनात आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. या रांगेतील शिखरांची उंची ऐकून हिमालय पाहिलेला माणूस निर्धास्त होतो. सर्वांत उंच असलेले माउंट इस्टो हे शिखर जेमतेम २,७०० मीटरच्या आसपास आहे. उंचीमुळे होणारा त्रास इथे जवळजवळ नाहीच. मात्र वाट नाही, पूल नाही, मैलाचा दगड नाही, आणि कोणत्या दिवशी कुठवर जाता येईल हे पायातले बळ ठरवत नाही, तर नद्यांचे पाणी आणि पायाखालची जमीन ठरवते. म्हणून तयारीचा मोठा भाग या दोन गोष्टी समजून घेण्यात घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: पाणी कुठून कुठे वाहते ते पाहा

ब्रुक्स रांग पूर्व-पश्चिम सुमारे १,१०० किलोमीटर पसरलेली आहे आणि तिच्या मध्यभागी गेट्स ऑफ द आर्क्टिक हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० साली स्थापन झालेले हे उद्यान आणि त्याला जोडलेले राखीव क्षेत्र मिळून सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा मुलूख होतो, म्हणजे गोव्याच्या नऊपटींहून अधिक, आणि तो सगळा आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. त्यात एकही रस्ता नाही आणि आखलेली एकही पायवाट नाही. उद्यानाचे नाव रॉबर्ट मार्शल या वनतज्ज्ञाने दिलेल्या नावावरून आले. कोयुकुक नदीच्या उत्तर फाट्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असलेले फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरियल माउंटन हे दोन डोंगर त्याला आर्क्टिकच्या दरवाजासारखे वाटले होते. दरवाजाच्या मधून वाहते ती नदीच, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण या मुलखात आत शिरण्याचा नैसर्गिक मार्ग बहुतेक ठिकाणी नदीचे खोरे हाच असतो.

नकाशा हातात आला की शिखरे शोधू नका, आधी पाणलोट शोधा. या रांगेच्या माथ्यावरून पाणी तीन दिशांना जाते. दक्षिणेकडे उतरणाऱ्या अलाटना, जॉन आणि कोयुकुकच्या उत्तर फाट्याचे पाणी कोयुकुकमधून युकॉनला आणि शेवटी बेरिंग समुद्राला मिळते. पश्चिमेकडे जाणाऱ्या कोबुक आणि नोआटक या नद्या कोत्झेब्यू साउंड या आखातात पोहोचतात. इगिकपाक शिखराच्या उतारावर उगम पावणारी नोआटक जवळजवळ ६८० किलोमीटर वाहते. उत्तरेकडच्या किलिक, अनाक्टुवुक आणि इटकिलिक या नद्या कोलव्हिल नदीतून थेट आर्क्टिक महासागर गाठतात. अनाक्टुवुक पास या नुनामिउत इनुपियाक, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या गावी हे विभाजन अगदी सहज दिसते. गाव एका रुंद, सपाट खिंडीत वसलेले आहे. दक्षिणेला जॉन नदीचे खोरे उतरते आणि उत्तरेला अनाक्टुवुक नदीचे.

या माहितीचा उपयोग असा, की दक्षिण उतार आणि उत्तर उतार हे चालण्याच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश आहेत. दक्षिणेच्या खालच्या खोऱ्यांत स्प्रूसची झाडे, अल्डरची दाट झुडपे आणि पुरुषभर वाढलेली विलोची जाळी असते. उत्तरेला झाडे नाहीत, दृष्टी दूरवर पोहोचते, पण वारा अडवायला आणि ओले कपडे वाळवण्यापुरती काटकी द्यायलाही काही नाही. पहिल्या फेरीसाठी माथ्याच्या जवळची, म्हणजे नद्यांच्या उगमाकडची खोरी निवडावीत. तिथे नद्या अजून लहान असतात, झुडपे विरळ असतात आणि वाट चुकली तरी आजूबाजूचा भूभाग नजरेत राहतो.

नकाशे बहुधा १:६३,३६० या प्रमाणाचे, म्हणजे एक इंचाला एक मैल दाखवणारे असतात आणि त्यांवर उंची फुटांत असते. समोच्च रेषांमधले अंतर नकाशाच्या कडेला छापलेले असते, ते आधी पाहून घ्यावे, नाहीतर बारीक दिसणारी घळ प्रत्यक्षात सरळसोट कडा निघते. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या हमखास नजरेआड होते. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या इतकी जवळ असते, की दुरुस्ती करण्याची सवयच आपल्याला लागत नाही. उत्तर अलास्कात ती चांगलीच पूर्वेला झुकते. त्या वर्षीचा फरक पाहून होकायंत्र घरीच लावून घ्यावे.

दुसरी पायरी: महिना ठरवा

नद्यांवरचे बर्फ साधारण मे महिन्यात फुटते आणि त्यानंतर वितळणाऱ्या हिमाचे पाणी उतरत राहते. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत चालण्याचा हंगाम. जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्री अकरा वाजताही नदी ओलांडता येते, पण याच काळात डासांचा उपद्रव शिगेला असतो. डोक्यावरून घेण्याची जाळी नसेल तर जेवणे कठीण होते. ऑगस्टमध्ये डास कमी होतात, टुंड्रा तांबडा-पिवळा होऊ लागतो आणि पाऊस वाढतो. हिमवर्षाव कोणत्याही महिन्यात होऊ शकतो. नवख्यांनी जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा पहिला आठवडा हा काळ धरावा.

तिसरी पायरी: पोहोचण्याची आणि सामानाची व्यवस्था

फेअरबँक्स हे शेवटचे मोठे शहर. तिथून छोट्या विमानाने बेटल्स किंवा अनाक्टुवुक पास गाठता येते. बेटल्सहून पाण्यावर उतरणारे विमान ठरवून आतल्या एखाद्या तळ्यावर जाता येते. अनाक्टुवुक पासहून मात्र धावपट्टीवर उतरल्याबरोबर चालायला सुरुवात करता येते. तिसरा पर्याय डाल्टन महामार्गाचा. तेलवाहिनीच्या कामासाठी १९७४ साली बांधलेला हा खडीचा रस्ता कोल्डफुटवरून जातो आणि अटिगन खिंडीतून रांग ओलांडतो. रस्त्यावरून पश्चिमेला उद्यानात शिरणे स्वस्त पडते, पण बऱ्याच ठिकाणी कोयुकुकचा मधला फाटा किंवा डिट्रिच नदी पहिल्याच तासाला आडवी येते. पहिल्या फेरीत हा मार्ग मी सुचवणार नाही. स्वस्त म्हणून निवडलेल्या वाटेवर सर्वांत मोठी नदी अगदी सुरुवातीलाच, तीही अनुभव नसताना ओलांडावी लागते.

उद्यानासाठी प्रवेशशुल्क किंवा परवाना लागत नाही. तरीही बेटल्स, कोल्डफुट किंवा अनाक्टुवुक पास येथील रेंजरना भेटून आपला मार्ग, माणसे आणि परतीची तारीख सांगावी. कोणत्या नदीला सध्या किती पाणी आहे याची ताजी माहिती तिथेच मिळते. अन्न ठेवण्यासाठी अस्वलाला न उघडणारे डबे वापरणे बंधनकारक आहे आणि ते तिथे उसने मिळतात. स्टोव्हचे इंधन आणि अस्वलांसाठीचा तिखट फवारा प्रवासी विमानात नेता येत नाही, तेव्हा ते फेअरबँक्सला किंवा त्यापुढे घ्यावे आणि छोट्या विमानाच्या वैमानिकाला आधी कळवावे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र जवळ असलेच पाहिजे, कारण मोबाइलला संपर्क नाही. भारतातून जाणाऱ्यांनी ते तिथेच भाड्याने घेऊन तिथेच परत करावे. परवानगीशिवाय असे यंत्र भारतात आणणे कायद्याने गुन्हा ठरतो.

चौथी पायरी: जमीन ओळखायला शिका

आपल्याकडे दिवसाची मजल किलोमीटर आणि चढ यांवरून काढतात. इथे हा हिशेब उपयोगाचा नाही. सरावलेला गट दिवसाला सहा मैल, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर चालला तर ती चांगली चाल समजतात. त्याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. वरचा हातभर थर उन्हाळ्यात मोकळा होतो, त्याखाली माती कायमची गोठलेली असते आणि पाणी खाली मुरू शकत नाही. म्हणून पाऊस कमी असूनही सपाट भाग चिखलट राहतात.

अशा सपाटीवर कापूसगवताचे गड्डे वाढतात. पायदळी तुडवून पाहिल्याशिवाय त्यांची कल्पना येत नाही. प्रत्येक गड्डा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उंच असतो, वर गवताचा झुपका आणि खाली अरुंद मान, त्यामुळे वर पाय ठेवला की तो कुठल्याही बाजूला कलंडतो. पाय दोन गड्ड्यांच्या मधे टाकावा तर तिथे काळे पाणी असते, आणि पाऊल रुतत जाऊन खाली कुठेतरी कठीण, थंडगार बर्फाला टेकते. पाठीवर वीस किलो ओझे असताना अशा जमिनीवर तासाला एक किलोमीटर होणेही अवघड जाते आणि घोटा मुरगळण्याचा धोका प्रत्येक पावलाला असतो. नकाशावर हा भाग अगदी सपाट आणि मोहक दिसतो. समोच्च रेषा विरळ दिसल्या की तिथून चालावे, ही आपली सवय इथे उलटी करावी लागते.

चालायला चांगल्या जागा तीन. पहिली, नदीच्या पात्रातली दगडगोट्यांची बेटे आणि वाळूचे पट्टे, जिथे पाऊल घट्ट पडते. दुसरी, खोऱ्याच्या तळापासून वर, उताराच्या मध्यावर असणारे कोरडे टप्पे, जिथे पाणी निचरून जाते आणि टुंड्राची झाड-पाने बोटभरच वाढतात. तिसरी, डोंगराच्या सोंडा आणि धारा. या तिन्हींना जोडणाऱ्या कॅरिबूंच्या, म्हणजे रानटी रेनडिअरच्या वाटा असतात. हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या त्याच खिंडींतून येतात-जातात आणि बहुधा कमीत कमी कष्टाची रेघ धरतात, म्हणून अशी वाट सापडली की होकायंत्राच्या रेषेपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवावा. फक्त ती आपल्या दिशेला जाते आहे ना, हे दर अर्ध्या तासाला तपासावे. ओढ्यांच्या काठाची विलोची जाळी शक्य तितकी कमी रुंदीच्या ठिकाणी आडवी पार करावी. तिच्यातून लांबवर समांतर चालू नये, कारण तिथे अस्वल दहा पावलांवर असले तरी दिसत नाही. जाळीत शिरताना मोठ्याने बोलत राहावे.

सह्याद्रीत एकामागोमाग एक चालण्याची शिस्त असते. टुंड्रावर ती सोडून आडवे पसरून चालावे. एकाच रेषेत पडलेली पावले तिथली झाडे मारतात आणि ती जखम भरून यायला अनेक वर्षे लागतात. वाटेच्या खुणेसाठी दगडांची लगोरी रचू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

जूनमध्ये आणि जुलैतही काही खोऱ्यांत नदीपात्रभर पांढरेशुभ्र बर्फाचे मैदान दिसते. हिवाळ्यात झऱ्यांचे पाणी गोठलेल्या पृष्ठभागावर पुन्हा पुन्हा पसरते आणि थरावर थर चढत जातात. त्याचा हा अवशेष असतो. त्यावरून चालणे सोपे असते, मात्र कडेला आणि जिथे नदी त्याखाली शिरते तिथे बर्फ पोकळ झालेला असतो. पाण्याचा आवाज पायाखालून आला तर मागे फिरावे.

पाचवी पायरी: नदी ओलांडणे

हा भाग सावकाश वाचावा. या मुलखात अस्वलाच्या भीतीने लोक रात्रभर जागे राहतात आणि सकाळी विचार न करता नदीत उतरतात. खरी भीती पाण्याची बाळगायला हवी.

आधी पाणी केव्हा चढते ते समजून घ्या. ब्रुक्स रांगेत हिमनद्या थोड्याच उरल्या आहेत, त्यामुळे हिमालयासारखे ‘पहाटे पाणी कमी, दुपारी जास्त’ हे गणित मुख्यतः हंगामाच्या सुरुवातीला, हिम वितळत असताना लागू पडते. पुढे सगळा भार पावसावर असतो. जमीन पाणी शोषत नसल्याने वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो, आणि आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नदी फुगते. जमेची बाजू ही, की पाऊस थांबला की लहान नद्या तितक्याच लवकर ओसरतात. म्हणून थांबणे हे इथले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे. काठावर पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवावा आणि तासाभराने पाहावे. दगड पाण्यात गेला असेल तर तंबू ठोकावा. मार्ग आखतानाच दर चार दिवसांमागे एक दिवस अशा थांबण्यासाठी मोकळा ठेवावा आणि तेवढे अन्न जास्तीचे घ्यावे.

मग उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी जागा, शोधावा. पात्र अरुंद आहे तिथे अंतर कमी असते, पण तिथेच पाणी खोल आणि ओढीचे असते. त्याऐवजी नदी जिथे अनेक धारांत फुटून पसरलेली असेल अशी रुंद जागा निवडावी आणि एकेक धार स्वतंत्रपणे पार करावी. वळणाच्या बाहेरच्या काठाशी डोह असतो, म्हणून सरळ वाहणारा भाग बरा. पृष्ठभागावर बारीक, एकसारख्या लाटा असतील तर तळ उथळ आणि गोट्यांचा असतो. गुळगुळीत, गडद पाणी खोल असते. गढूळपणामुळे तळ दिसत नसेल आणि तळाशी दगड गडगडल्याचा आवाज कानावर येत असेल, तर त्या धारेत पाय घालू नये. उतार पसंत पडला तरी उतरण्याआधी शंभरएक मीटर खाली चालत जाऊन पाहावे. पाय सुटलाच तर आपण कुठे वाहत जाणार, हे त्या शंभर मीटरांत ठरते. खाली पाण्यात आडवे पडलेले झाड, कडा किंवा घळ असेल तर तो उतार सोडून द्यावा, कारण पाणी फांद्यांमधून निघून जाते आणि माणूस तिथेच दाबला जातो.

उतरताना बूट पायातच ठेवावेत. अनवाणी पाय थंडीने क्षणात बधिर होतात आणि गोट्यांवर घसरतात. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडावा. झोपण्याचे सामान आणि कोरडे कपडे जलरोधक पिशवीत बांधलेले असावेत. प्रवाहाकडे तोंड करून, काठी वरच्या बाजूला रोवून, एका वेळी एकच आधार हलवत आडवे सरकावे आणि किंचित खालच्या दिशेला तिरपे जावे. पाणी गुडघ्याला लागले की वरच्या बाजूला मांडीवर त्याचा फुगवटा चढलेला दिसतो आणि पायाखालची वाळू टाचेकडून निसटत असल्याचे जाणवते. ही पहिली सूचना समजावी. वेगवान पाणी मांडीच्या मध्यापर्यंत आले तर परत फिरावे. परत फिरणे शक्य राहावे म्हणूनच पहिल्या धारेत घाई करायची नाही. गट असेल तर सर्वांत दणकट माणूस वरच्या बाजूला, त्याच्या मागे इतर जण पिशव्यांचे पट्टे घट्ट धरून, आणि सर्वांनी एका आवाजावर पाऊल टाकावे. दोर अंगाला बांधून कधीही उतरू नये. पडलेल्या माणसाला तो दोर पाण्याखाली धरून ठेवतो.

पडलाच तर पिशवी सोडावी, पाठीवर व्हावे, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत आणि हातांनी तिरपे काठाकडे यावे. प्रवाहात उभे राहण्याची धडपड करू नये. पाऊल दगडांत अडकले तर पाणी माणसाला वाकवून खाली दाबते. बाहेर आल्यावर पहिले काम कोरडे कपडे घालण्याचे आणि गरम काही पिण्याचे, कारण हे पाणी नुकत्याच वितळलेल्या हिमाइतके गार असते.

सहावी पायरी: मुक्काम आणि पिण्याचे पाणी

तंबूसाठी पात्रातले उंच, कोरडे दगडगोट्यांचे पट्टे उत्तम. वारा असल्याने डास कमी असतात आणि टुंड्राची नासाडी होत नाही. मात्र आजूबाजूला पुराने आणून टाकलेला ओला काडीकचरा दिसला तर त्या रेषेच्या वर सरकावे, आणि नदीच्या दोन धारांमधल्या बेटावर मुक्काम करू नये. स्वयंपाक आणि अन्नाचे डबे तंबूपासून किमान शंभर पावले दूर ठेवावेत.

पाणी उकळून किंवा गाळून प्यावे. अलीकडच्या काळात एक नवी काळजी आली आहे. गेल्या दशकभरात ब्रुक्स रांगेतले अनेक ओढे नारिंगी झाले आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७५ प्रवाहांची नोंद आहे. गोठलेली जमीन वितळू लागल्याने आतली खनिजे हवा-पाण्याच्या संपर्कात येतात आणि लोह व इतर धातू आम्लयुक्त पाण्याबरोबर बाहेर पडतात. साध्या गाळणीने किंवा उकळून हे धातू जात नाहीत. ज्या नद्यांवर माशांची आणि त्यांवर अवलंबून असलेल्या गावांची पिढ्यांची भिस्त आहे, त्यांच्या पात्रात गंजाचा रंग उतरलेला पाहणे फार क्लेशदायक आहे. प्रवासापुरते इतके करावे, की दगडांवर नारिंगी साका दिसला तर पुढच्या स्वच्छ ओढ्यापर्यंत जावे आणि त्यासाठी दोन लिटर पाणी कायम जवळ ठेवावे.

अनाक्टुवुक पासच्या परिसरात स्थानिकांच्या मालकीची जमीन आहे आणि कॅरिबूची शिकार हे आजही त्यांचे अन्न आहे. कळप खिंडीकडे येत असताना त्यांच्या वाटेत तंबू ठोकू नये. शिकारीची हत्यारे, जाळी, जुने तळ दिसले तर हात लावू नये.

सातवी पायरी: बाहेर पडणे

काही जण अर्धा मार्ग चालून उरलेला हवेने फुगवण्याच्या हलक्या नावेतून करतात. अलाटना, जॉन, नोआटक या नद्यांचे बरेच भाग त्यासाठी प्रसिद्ध आहेत. कोबुकवर मात्र वॉकर तळ्याच्या खाली अवघड घळी आहेत, जिथे नाव उचलून काठाने न्यावी लागते. नाव चालवण्याचा आधीचा सराव नसेल तर हा विचार दुसऱ्या फेरीसाठी ठेवावा.

परतीचे विमान ठरलेल्या दिवशी येईलच असे धरू नये. ढग खिंडीत बसले की वैमानिक उडत नाहीत आणि तेच योग्य आहे. ठरलेल्या तळ्यावर एक दिवस आधी पोहोचावे, पुढच्या तीन दिवसांचे अन्न शिल्लक ठेवावे आणि फेअरबँक्सहून घरी जाण्याचे तिकीट त्यानंतरचे काढावे. वैमानिकाला उपग्रह यंत्रावरून संदेश पाठवताना तीन गोष्टी कळवाव्यात: ढगांचा तळ कोणत्या डोंगराच्या किती उंचीपर्यंत आहे, वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे आणि तळ्यावर लाटा आहेत का. बेटल्सला उतरल्यावर अन्नाचे डबे परत करताना रेंजरना आपण बाहेर आल्याचे सांगावे, आणि ज्या नद्या ओलांडल्या त्यांचे पाणी कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी किती होते हेही सांगावे. त्याच आठवड्यात आत जाणाऱ्या पुढच्या गटाला त्याचा उपयोग होतो.